शिक्षक क्रमांक चार

सोमवार, ७ जानेवारी

आज मार्गदर्शकांनी तासभर बिनपाण्याने केली. मी एका वर्षाच्या अभ्यासरजेवर आहे आणि त्यातले सात महिने प्रबंधाचं नाव ठरवण्यातच गेले. नाव मात्र भारदस्त आहे: ‘शिक्षकांचे दृष्टिकोन आणि त्यांचे वर्गातील प्रत्यक्ष अध्यापन’. साध्या भाषेत, शिक्षक बोलतात काय आणि करतात काय. सोळा वर्षं फळ्यासमोर काढल्यावर मला ते तसं माहीतच आहे, पण माहीत असणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, असं म्हणतात बुवा.

मी म्हटलं, मला एखाद्या शाळेत महिनाभर मागच्या बाकावर बसू द्या, दिसेल ते वहीत लिहीन. ते चष्मा पुसत म्हणाले, “गोष्टी लिहायच्या असतील तर मासिकाला पाठवा. इथे आकडे लागतात. दोघांनी एकच तास पाहिला तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. तुमच्या वहीचं येईल?”

नाही येणार. हे कबूल करणं माझ्या जीवावर आलं.

शेवटी तह झाला. आधी प्रश्नावली, मग छोटी मुलाखत, मग निरीक्षण तक्ता. दर तीन मिनिटांनी घड्याळ बघायचं आणि पाचांपैकी एका रकान्यात खूण करायची: स्पष्टीकरण, प्रश्न विचारणे, मुलांचे प्रश्न, गटकार्य, अध्यापन नाही. चाळीस मिनिटांच्या तासाला तेरा खुणा. वही बंद. तक्ता मीच आखला, आणि खरं सांगायचं तर आखून झाल्यावर माझा मलाच आवडला. उगाच खोटं कशाला लिहू?

गुरुवार, १० जानेवारी

शाळा मिळाली! मुख्याध्यापिकांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी कार्यालयाशेजारची एक छोटी खोली मला दिली, किल्लीसकट. दोनदा चहा पाठवला. फाटकावर मोठा फलक आहे, ‘दहावीचा निकाल सलग अकरा वर्षे शंभर टक्के’. अशा शाळेत काम करायला मिळणं म्हणजे नशीबच.

अट एकच घातली. “जाताना आम्हालाही काहीतरी द्या हं. दोन पानं पुरे. आमच्या शिक्षकांना सुधारायला उपयोग होईल.” मी म्हटलं, नक्की देईन, पण नावं नसतील, फक्त क्रमांक. “अर्थातच,” त्या म्हणाल्या. किती समजूतदार बाई!

घरी मात्र कौतुक शून्य. सासूबाई म्हणाल्या, “लोकांच्या वर्गात मागे बसून बघायचं, याला पगारी रजा मिळते? आमच्या वेळी याला चोंबडेपणा म्हणायचे.” नवरा वजनकाटे दुरुस्त करतो, दुकानदारांचे आणि दवाखान्यांचे. तो म्हणाला, “फुकट खोली, वर फुकट चहा. जपून गं.” त्याला जिथे तिथे खोट दिसते. धंदाच तसला.

मंगळवार, १५ जानेवारी

आठही प्रश्नावल्या परत आल्या. ‘सर्व मुले शिकू शकतात’ या विधानापुढे सात जणांनी ‘पूर्ण सहमत’. वाचून जांभई आली. आठव्याने ‘पूर्ण असहमत’वर खूण केली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘प्रश्न अर्धवट आहे.’ शेरे मोजणीत धरत नाहीत, म्हणून तो सोडून दिला. हा माझा शिक्षक क्रमांक चार. इतिहास शिकवतात, एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला तीन राहिलीत.

गुरुवार, १७ जानेवारी

क्रमांक चारची मुलाखत. हा गृहस्थ शब्दाला महाग. मी विचारलं, “सर, वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं शिकतील असं तुम्हाला वाटतं?”

“माझ्याच्याने नाही. तो नाद मी कधीच सोडला.”

“मग तासाला काय करता?”

“फळ्यावर उतारा लिहितो. पोरं उतरवून घेतात.”

मी आतून उड्या मारत होते. इतक्या सरळपणे कोण कबूल करतं? बाकीचे सात जण पुस्तकातली वाक्यं पाठ म्हणून दाखवतात आणि इथे एक जण सांगतो आहे, हो, मी हात टेकले. जाताना त्यांनी विचारलं, “तुम्ही किती दिवस बसणार माझ्या वर्गात?” म्हटलं, एकच तास, प्रत्येकाचा एकच घेते आहे. ते म्हणाले, “मग घड्याळच दिसेल तुम्हाला.” खवचट आहेत थोडे.

बुधवार, २३ जानेवारी

काल क्रमांक सात. याही इतिहासाच्याच, पण तरुण. काय तास घेतला! गट पाडले, चित्रं दाखवली, प्रश्नांची सरबत्ती केली. तक्ता असा भरला की बघत राहावं. उत्तरं द्यायला तेच चौघे हात वर करत होते, पण त्याला रकाना नाही.

आज नववीत क्रमांक चार. पहिली नऊ-दहा मिनिटं बोलले, बरं बोलले. एक प्रश्न विचारला. मग अख्खा फळा भरून उतारा लिहिला, म्हणाले “सुंदर अक्षरात”, आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसले. दोन मुली आणि एक मुलगा, त्यांच्यामध्ये. मी त्यांच्या मागे भिंतीशी खुर्चीवर, म्हणून पाठ माझ्याकडे. एक खूण, दोन खुणा, तीन, सगळ्या शेवटच्या रकान्यात. मी जरा तिरकी होऊन पाहिलं तर बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि सरांचं बोट मथळ्याखाली. दोन जाड वेण्या घातलेली मुलगी अगदी दबक्या आवाजात म्हणत होती, “पा… णी… पु… र… व… ठा.” मग श्वास घेतला. “बंद.”

नववीतली मुलगी! सर ‘शाबास’सुद्धा म्हणाले नाहीत, फक्त बोट पुढच्या मथळ्याखाली सरकवलं. तेवढ्यात माझी तीन मिनिटं भरली आणि मी खूण केली: अध्यापन नाही. तेरांपैकी नऊ खुणा तिथेच पडल्या.

मनाला खुपतंय. घरी आल्या आल्या मार्गदर्शकांना फोन लावला, म्हटलं एक रकाना वाढवू का? “मध्येच तक्ता बदलला तर आधीचं सगळं फुकट. एका माणसाच्या एका तासाने सरासरी हलत नाही,” ते म्हणाले. सरासरीचं त्यांचं बरोबर आहे.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना दोन पानं दिली. रंगीत आलेख, प्रत्येक शिक्षकाचा एक खांब, खाली विषय, सेवेची वर्षं आणि मुलाखतीतलं एकेक वाक्य. नावं कुठेही नाहीत. बाईंनी दोनदा वाचलं, बोट आलेखावर ठेवून म्हणाल्या, “हे असं लखलखीत हवं होतं आम्हाला.” अशी दाद मार्गदर्शकांनी जन्मात दिली नाही. येताना मी स्वतःसाठी एक चांगलं पेन घेतलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येणार.

सकाळी शिपाईमामांनी सांगितलं. पुढच्या वर्षी शाळेत इतिहासाला एकच शिक्षक ठेवणार आहेत. कोणाला काढायचं ते ठरवायला संस्थेची समिती गुरुवारी बसणार. आणि समितीपुढे जाणाऱ्या फायलीत सगळ्यांत वर माझी दोन पानं! ‘शिक्षक क्रमांक चार, इतिहास, सेवा एकतीस वर्षे. अध्यापन नाही: ६९ टक्के.’ शेजारी त्यांचं मुलाखतीतलं वाक्य, ‘तो नाद मी कधीच सोडला’, माझ्याच अवतरणचिन्हांत.

या शाळेत एकतीस वर्षं नोकरी झालेला माणूस एकच आहे. हे शिपाईमामांना कळतं, फाटकावरच्या पहारेकऱ्याला कळतं, फक्त मला कळलं नाही. नाव झाकलं आणि चेहरा उघडा ठेवला. आणि मी प्रबंध लिहिते आहे!

तरातरा बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे खुर्ची पुढे केली. “मी तुम्हाला नाव विचारलं का कधी? तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच मोजलंय. आता मोजलेलं आवडलं नाही म्हणून रागावता?” आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो जेवणाचं ताट बाजूला ठेवून ऐकत होता. ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही, याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ. एवढंच म्हणाला, “काटा चुकीचं दाखवतोय हे कळलं की आम्ही आधी त्यावर ‘बंद’ची चिठ्ठी लावतो. दुरुस्ती मग. तोवर त्यावर कुणाला काही तोलू देत नाही.”

समितीपुढे जायचं ठरवलं आहे.

सोमवार, ११ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर सरांना सायकलींच्या छपराखाली गाठलं. माफी मागितली. ते कुलूप काढत होते, काढत राहिले. मग म्हणाले, “तक्ता चुकला म्हणून सांगणार म्हणता. सांगा. मी आळशी आहे म्हणा, म्हातारा झालोय म्हणा. पण मागच्या बाकाचं नाव काढायचं नाही.”

“अहो, पण तेच तर सांगायला हवं! तुम्ही त्यांना वाचायला शिकवताय, तेही नववीत. सगळ्यांनी वर ढकलत आणलेली पोरं…”

“फाटकावरचा फलक वाचलात ना?” सर म्हणाले. “तो शंभर टक्के कसा राहतो असं वाटतं तुम्हाला? जे पास होणार नाहीत ते दहावीपर्यंत पोचत नाहीत. दर उन्हाळ्यात चारपाच दाखले निघतात. ही तिघं अजून कुणाच्या नजरेला पडलेली नाहीत. उत्तरं पाठ करून लिहितात, काठावर निघतात. वर्षभर मिळालं तर वाचायला लागतील.”

“मग शाळा सुटल्यावर का नाही शिकवत?”

“थांबवून घेतलं की सगळ्यांना कळतं. चौदा-पंधरा वर्षांची आहेत, बाई. लाजेनं शाळाच सोडतील. फळा उतरवताना सगळ्यांच्या माना खाली असतात. तेवढा अर्धा तास त्यांच्याकडे कुणी बघत नाही.”

एवढं मोठं बोलणं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. मला रडू येत होतं, पण फाटकाशी अजून मुलं होती. “तुमची नोकरी जाईल, सर,” मी म्हटलं.

“माझी तीनच वर्षं राहिलीत,” ते म्हणाले आणि सायकल ढकलत निघून गेले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते हो समजले असावेत.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

जिंकलो! सगळं नीट क्रमाने लिहायला हवं.

समितीत तिघे जण. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, सावकाश बोलणारे. सर भिंतीला लागून बसले होते, मोठ्या बाई समोर. मी म्हटलं, माझा तक्ता सदोष आहे, ती दोन पानं मी मागे घेते. अध्यक्ष म्हणाले, “सदोष म्हणजे नेमकं काय?” म्हटलं, त्यात सगळं काम मावत नाही. “मग न मावलेलं काम कोणतं?”

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, अगदी किंचित. नाही.

मी फायलीतल्या माझ्याच दोन पानांकडे बघू लागले. मग मोठ्या बाई हसून म्हणाल्या, “सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं त्यांनी. भिडस्त आहेत.” आणि फाईल मिटायला लागल्या.

माझ्याने राहवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी होताना बघत कशी बसू? मी बोलले. काही मुलं आहेत, म्हटलं, ज्यांना वाचता येत नाही, आणि हा माणूस बाकीच्यांना उतारा देऊन रोज अर्धा तास त्यांच्या शेजारी बसतो, वर्तमानपत्र घेऊन, कुणाला कळू न देता. पाणीपुरवठा बंद, तेही सांगितलं. एकही नाव घेतलं नाही. इयत्ता सांगितली नाही. किती मुलं तेही नाही. शब्द तसा पाळलाच मी.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “माझे वडील असेच शिकले होते,” म्हणाले. दहा मिनिटांत निर्णय झाला, सर राहणार. तरुण बाईंना संस्थेच्या दुसऱ्या शाळेत घेणार. म्हणजे कुणाचंच वाईट नाही! मोठ्या बाईंनी तर बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. “तुमच्यामुळे डोळे उघडले हो आमचे.” माणसं दिसतात तितकी वाईट नसतात.

सर तडक सायकलीकडे निघून गेले. भावना दाखवणाऱ्यातले नाहीतच ते. संध्याकाळी मार्गदर्शकांनाही ठणकावून सांगितलं, तक्ता रद्द, आता वहीच. ते चक्क हो म्हणाले. इतक्या दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

मोठ्या बाईंनी खोलीची किल्ली दोन दिवसांसाठी परत मागितली. आठवी आणि नववीची वाचन तपासणी ठेवली आहे म्हणे. एकेका मुलाला आत बोलवून एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावणार. जादा वर्ग काढायचा विचार असावा. बघा, एका माणसाने तोंड उघडलं तर किती हलतं! नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तपासणी कोण घेणार? सर?” म्हटलं, नाही, बाई स्वतः. तो चहाचा कप विसळायला उठला. मी विचारलं, आता काय खोट काढलीस? तर म्हणाला, काही नाही, बाईंना वेळ बरा मिळाला.

सोमवार, २५ फेब्रुवारी

आज वही घेऊन नववीत बसले, मोठ्या उत्साहाने. मागच्या बाकावर मी एकटीच होते.

तिघांपैकी कुणी नाही. वाटलं, गैरहजर असतील. तिघेही एकाच दिवशी? सर वर्गात आले, माझ्याकडे न बघता शिकवायला लागले. पूर्ण चाळीस मिनिटं फळ्यासमोर. नकाशा काढला, प्रश्न विचारले, उत्तरं घेतली, गट पाडले. उतारा नाही. एकदाही ते खाली आले नाहीत. मी वहीत तारीख लिहिली आणि पुढे काही लिहू शकले नाही.

घंटा झाल्यावर मी म्हटलं, “सर, ती मुलं…”

“पुढचा तास आहे मला, बाई,” ते म्हणाले. मला वाटतं त्यांनी मला ओरडायला हवं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी घरी येऊन झोपू शकले असते.

कार्यालयात विचारलं. कारकून म्हणाले, आठवी-नववी मिळून सात जणांचे दाखले तयार होताहेत. दर वर्षीपेक्षा दोन-तीन जास्तच, यंदा लवकर कळलं ना.

यंदा लवकर कळलं. सरांचं नाव क्रमांकामागे झाकलं होतं, तेव्हाही मला वाटलं होतं की ते सुरक्षित आहेत. एकच चूक मी दोनदा केली. पहिल्या वेळी निदान मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या माणसाने नको म्हणून सांगितलं होतं, मान हलवून पुन्हा सांगितलं होतं, आणि मी त्यांना वाचवायला निघाले होते.

अध्यक्षांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, प्रवेश आणि दाखले ही मुख्याध्यापिकांच्या अखत्यारीतली बाब आहे. आवाज अगदी मायाळू होता.

शुक्रवार, १ मार्च

खोलीतलं सामान न्यायला गेले होते. व्हरांड्यात बाकड्यावर ती दोन वेण्यांची मुलगी बसली होती, शेजारी तिची आई. आईच्या हातात पिशवी, मुलीच्या हातात दाखला. मला पाहून मुलगी उठून उभी राहिली. त्यांना उठायची सवय असते.

मला पळून जायचं होतं. पण ती म्हणाली, “बाई, हे बरोबर वाचते का बघा ना.” आणि माझ्यापुढे कागद धरून बोट ठेवलं. बोट नेमकं सरांच्याच पद्धतीने ठेवलं होतं, अक्षरांच्या खाली, अक्षर झाकणार नाही असं.

“शा… ळा. शाळा. सो… ड… ण्या… चे. सोडण्याचे. का… र… ण.” तिने वर पाहिलं.

“बरोबर,” मी म्हटलं.

पुढची ओळ हाताने भरलेली होती, मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात. ती अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. “पा… ल… कां… पालकां… च्या.” मग थोडी थांबली. मी सांगितलं नाही, तिला हवंही नव्हतं. “वि… नं… ती… व… रू… न. पालकांच्या विनंतीवरून.”

“बरोबर,” मी म्हटलं.

ती खूश झाली. तेवढाच एक क्षण. मग तिने कागदाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

“आई, तू कधी केलीस विनंती?”

“मी?” आई म्हणाली. “मी कशाला करू? बाई म्हणाल्या इथे सही कर, म्हणून केली.”

मुलगी उभीच होती. तिने बोट पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि ओळ परत वाचली, या वेळी सलग.